गम कशावरचा? शाळेच्या चोवीस लॅपटॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. गावाचं नाव सांगत नाही, मोठ्या बाईंना तसा शब्द दिला आहे. एप्रिलमध्ये पुण्याच्या एका कंपनीने आपले वापरलेले २४ लॅपटॉप या शाळेला भेट दिले. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि याच शाळेत शिकलो, त्यामुळे शाळेचं काहीही बिघडलं की फोन मलाच येतो.

लॅपटॉप चालू स्थितीत होते. पण प्रत्येकाच्या झाकणावर कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाचं कागदी स्टिकर होतं. ११ लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कुणीतरी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली होती. वाहतुकीत झाकण उघडू नये म्हणून ६ लॅपटॉपना ब्राउन टेपचा वेढा दिला होता, आणि तो देणाऱ्याने टेपचं टोक आत वळवून थेट स्क्रीनच्या कडेवर दाबलं होतं.

खोकी उतरवून घेतली तेव्हा परीक्षा चालू होत्या. सगळं तसंच लोखंडी कपाटात गेलं. वर पत्रा, दारं बंद, आणि कोकणातला मे महिना. या महिनाभरात टेपचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. काळी टेप पीव्हीसीची असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला तेलकट पदार्थ उष्णतेने हळूहळू गममध्ये उतरतो आणि गम काकवीसारखा सुटतो. कपाट उघडलं तेव्हा टेपा जागच्या सरकल्या होत्या, मागे काळपट चिकट पट्टे राहिले होते आणि त्यात मुंग्या अडकल्या होत्या.

अडचण

१५ जूनला शाळा उघडणार, त्याच दिवशी संगणक कक्षाचं उद्घाटन. ९ जूनला शाळेतल्या शिपाईमामांचा फोन आला. "दादा, टेपचा गम कशानं निघतो?"

मी एका प्रिंटरचं पोट उघडून बसलो होतो. म्हटलं, "थिनर लावा मामा, लगेच जाईल." फोन ठेवला. माझ्या काउंटरच्या काचेवरची स्टिकरं मी थिनरनेच काढतो, डोळ्यांसमोर ती काच होती. गम कशावरचा, हे मी विचारलं नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि तो चुकला.

शाळेत बाकांच्या पॉलिशसाठी आणलेल्या एनसी थिनरचा डबा होता. मामांनी फडकं भिजवून एका झाकणावर घासलं. थिनरमध्ये टोल्युइन, अॅसिटोन, ब्युटाइल अॅसिटेट अशी मंडळी असतात. त्यांना गम विरघळतो तसं एबीएस प्लास्टिकही विरघळतं. अर्ध्या मिनिटात झाकणाची खरखरीत नक्षी गेली, पांढुरका चट्टा आला आणि मामांच्या बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटला. मामा हुशार, एकावरच थांबले. त्यांनी मला पुन्हा फोन केला तेव्हा आवाज इतका पडला होता की मीच शरमलो. त्यांनी विचारून केलं होतं. चूक सांगणाऱ्याची होती.

ते झाकण नुसतं दिसायला खराब झालं असतं तर ठीक होतं. थिनर फटीतून आत, स्क्रीनच्या चौकटीपर्यंत गेलं होतं. दोन दिवसांनी बिजागरीजवळच्या स्क्रूभोवती केसासारखे तडे दिसले. स्क्रूने घट्ट आवळलेलं प्लास्टिक सतत ताणाखाली असतं. द्रावक लागला की ते तिथूनच तडकतं आणि ते लगेच दिसतही नाही. तो लॅपटॉप अजून चालतो, पण उघडताना दोन्ही हात लावावे लागतात.

आधी पाहणी

दुसऱ्या दिवशी मीच गेलो. उरलेल्या २३ ना हात लावण्याआधी सगळे हॉलमधल्या बाकांवर मांडले आणि फळ्यावर दोन रकाने आखले. एकात काय चिकटलंय, दुसऱ्यात कशावर.

पहिला रकाना सोपा होता. दुसऱ्यासाठी यंत्रं उलटी करावी लागली. बॅटरीच्या खोबणीत किंवा तळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार बहुतेक वेळा कोरलेला असतो, एबीएस, पीसी (म्हणजे पॉलिकार्बोनेट) किंवा पीसी अधिक एबीएस. ही खूण खरं तर भंगारातून प्लास्टिक वेगळं करणाऱ्यांच्या सोयीसाठी असते, पण आपल्यालाही उपयोगी पडते. चार लॅपटॉपची झाकणं अॅल्युमिनियमची निघाली. त्यांना हात लावला की गार लागतं.

पाच लॅपटॉपनी मात्र गोंधळात टाकलं. स्टिकरापासून वीतभर लांब, तळहात टेकतो तिथेही ते चिकट लागत होते. टेपचा मागमूस नाही. शाळेतल्या एका तरुण सरांनी आदल्या दिवशी त्यातल्या एकावर टाल्कम पावडर भुरभुरून पाहिली होती. दोन तास छान वाटलं, मग पुन्हा चिकट, शिवाय पंख्याच्या जाळीत पांढरी धूळ.

तो गम नव्हताच. काही यंत्रांच्या प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लेप असतो. नवीन असताना हाताला मखमली लागतो. तो बहुतेक पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं फुटत जातो, शेवटी पाझरल्यासारखा चिकट होतो. जुने रेडिओ, दुर्बिणी, माउस, कारमधली बटणं, सगळ्यांची हीच तक्रार. कोकणात तो लवकर जातो यात नवल नाही. महत्त्वाचं इतकंच, की इथे वरचं काढून खालचं वाचवायचं नव्हतं. चिकट झालेला थरच त्या यंत्राचं कातडं होतं. काढायचं तर ते सगळंच सोलावं लागणार होतं.

कोणते पर्याय होते

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. हॉलच्या दारात उभं राहून प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला, आणि त्यातला एकही वेडगळ नव्हता. प्रत्येक उपाय कुठेतरी चालतोच.

पेट्रोल आमच्या धंद्यात बोर्ड धुवायला अनेक जण वापरतात. गम काढतं. पण मुलांच्या शाळेत उघडं पेट्रोल मी ठेवणार नव्हतो, विषय तिथेच संपला. रॉकेल मंद काम करतं आणि मागे तेलकट थर, वर वास. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुधा अॅसिटोन, म्हणजे थिनरचाच भाऊ. 'अॅसिटोनविरहित' लिहिलेलं असतं त्यातही बऱ्याचदा इथाइल अॅसिटेट असतं. प्लास्टिकच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

सॅनिटायझरच्या बाटल्या शाळेत कोविडपासून पडून होत्या. त्यात अल्कोहोल असतं हे खरं, पण हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन आणि जेल व्हावं म्हणून घट्ट करणारा पदार्थही असतो. तो मागे राहतो. चिकट काढायला गेलो आणि दुसरं चिकट लावून आलो, असं होतं.

डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंज सोडवायचा तेलकट फवारा, माझ्याकडे होतं. धातूवर, काचेवर उत्तम. पण फवाऱ्याचं तेल फटीत पसरतं, ते परत बाहेर काढता येत नाही.

खोबरेल तेल हा पर्याय ऐकून सर हसले. मी हसलो नाही. रबरजातीच्या गममध्ये तेल मुरतं, त्याची पकड ढिली होते, आणि थोड्या वेळात एबीएसला त्याचा सहसा त्रास होत नाही. फक्त त्याला अर्धा तास द्यावा लागतो. घाईच्या माणसाला तेल कधीच पटत नाही.

निलगिरीचं तेल जास्त जलद, मेडिकलमध्ये मिळतं. पण असली सुगंधी तेलं काही प्लास्टिकना खातात. हे पटवायला मी नववीतल्या एका मुलाला संत्र्याची साल आणायला लावली आणि ती फुगलेल्या फुग्याजवळ पिळली. फुगा फुटला. मग थर्माकोलच्या तुकड्यावर पिळली, तर त्यावर बारीक खड्डे पडले. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन गम काढायच्या कित्येक बाजारी द्रव्यांत असतं. ती बाटली फळांचं चित्र लावून येते म्हणून निरुपद्रवी समजू नये. निलगिरी मी फक्त चार अॅल्युमिनियम झाकणांपुरती ठेवली.

उरलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, दुकानात आम्ही नुसतं आयपीए म्हणतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली ९९ टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली माझ्याकडे होती. लवकर उडून जातं, मागे काही ठेवत नाही, एबीएस आणि पीसीच्या बहुतेक आवरणांना थोडा वेळ चालतं. अॅक्रिलिकला मात्र ते तडे पाडू शकतं, म्हणून पारदर्शक भागावर आधी चाचणी. दोष एकच, पण मोठा. ते सुमारे १२ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी वाफ देतं. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने.

आणि संगणक कक्षात सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागलेली होती. शेजारीच इन्व्हर्टर. मी सगळं काम बाहेरच्या व्हरांड्यात हलवलं. पाऊस तिरका येत होता, बाक भिंतीला सरकवले.

काय केलं

सगळे लॅपटॉप पूर्ण बंद केले. झाकण मिटून झोपवलेले नव्हे, बंद. चार्जर काढले, निघणाऱ्या बॅटऱ्या काढल्या. द्रव कधीही यंत्रावर ओतायचा नाही, कापडावर किंवा कापसाच्या बोळ्यावरच घ्यायचा, हे मदतीला आलेल्या सरांना मी तीनदा सांगितलं. मुलांना आयपीएपासून लांब ठेवलं. कोरड्या कापडाने पुसणं आणि गम टेपने उचलणं ही कामं त्यांची.

प्रत्येक प्रकारच्या प्लास्टिकवर आधी तळाशी, रबरी पायाजवळ, इअरबडने आयपीएचा ठिपका लावला आणि पाच मिनिटं थांबलो. बडवर रंग आला का, चकाकी मेली का, बोटाला मऊ लागतं का. ज्या पाचांवर मऊ लेप होता तिथे बड काळा झाला, बाकी ठिकाणी काही नाही.

कागदी स्टिकरांना हेअर ड्रायर लावला, तो मोठ्या बाईंच्या घरचा. इथे एक गंमत आहे. कमी तापवलं तर कागद फाटतो आणि त्याचा पातळ थर झाकणावर राहतो. जास्त तापवलं तर गम इतका पातळ होतो की निम्मा प्लास्टिकवरच बसतो. मी हाताचा पंजा झाकणावर ठेवून अंदाज घेत होतो, चटका बसायच्या आत ड्रायर बाजूला. आत लिथियम बॅटरी असलेल्या यंत्राला त्याहून जास्त ऊब द्यायची गरजही नसते. हीट गन पिशवीतच ठेवली, तिची हवा तीनशे अंशांच्या पुढे जाते. मग जुन्या एटीएम कार्डाने कोपरा उचलायचा आणि स्टिकर मागे दुमडून, झाकणाला लगटून, सावकाश ओढायचं.

राहिलेला गम बघून सगळ्यांचे हात बाटलीकडे जातात. त्याआधी एक करून बघावं. टेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळायचा आणि गमवर दाबून झटक्यात उचलायचा. गमला गम ओढतो. तीस-चाळीस वेळा केलं की बराचसा गम कोरडाच निघतो. हे काम मुलांनी इतक्या आवडीने केलं की शेवटी टेप संपली. उरलेल्यावर आयपीएचा बोळा ठेवला आणि त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा झाकला. न झाकता ठेवलं तर आयपीए गममध्ये मुरायच्या आत उडून जातं, आणि मग माणूस जोर लावतो. झाकून तीन मिनिटांत गम दह्यासारखा झाला, कापडाने गोळा केला.

काळ्या टेपच्या पट्ट्यांवर खोबरेल. स्क्रीनच्या चौकटीवर, कॅमेऱ्याची बारीक काच सोडून, इअरबडने पुसटसं तेल लावलं आणि आम्ही चहा घेतला. वीस-पंचवीस मिनिटांनी गम बोटाने लोळवता आला. नंतर साबणाच्या थेंबभर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने तेल काढलं, कारण राहिलेल्या तेलावर महिन्याभरात धूळ बसते आणि लोक म्हणतात गम परत आला. कॅमेऱ्याच्या काचेवर शेवटी फक्त आयपीएचा अगदी ओलसर बड, एकदाच.

खरी धडकी होती ती सहा स्क्रीनची. मॅट स्क्रीनच्या वर प्लास्टिकची फिल्म आणि त्यावर चकाकी कमी करणारा नाजूक थर असतो. अॅसिटोन त्या फिल्मचा सत्यानाश करतं, अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्यं थर उतरवतात. दोन पर्याय होते. स्क्रीनच्या कडेचा गम तसाच सोडायचा, बोटभर पट्टाच तर होता. किंवा काढायचा प्रयत्न करायचा आणि बिघडला तर पॅनेलचा खर्च आपल्या डोक्यावर घ्यायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू दे रे, मुलांना कुठे काय कळतंय." मी तयारही झालो होतो. पण दुकानात तशाच मॅट जातीचं फुटकं पॅनेल पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नेलं, त्यावर ब्राउन टेप चिकटवून उन्हाऐवजी ड्रायरने तापवली आणि निम्मं आयपीए, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण त्यावर वापरून पाहिलं. डाग नाही, ढगाळपणा नाही. तेव्हा कुठे खऱ्या स्क्रीनला हात लावला.

त्यातही एक काळजी. पॅनेलच्या खालच्या कडेला चित्र चालवणाऱ्या चिप आणि नाजूक पट्ट्या असतात. स्क्रीन उभी ठेवून पुसली की थेंब ओघळून नेमका तिथे जातो आणि उभ्या रेघा येतात. म्हणून लॅपटॉप असा आडवा धरला की खालची कड वर राहील. दाब अजिबात नाही, एका स्क्रीनला पंधरा मिनिटं.

मऊ लेपाच्या पाचांबद्दल निर्णय मी एकट्याने घेतला नाही. लेप काढला तर खाली काळं चकचकीत प्लास्टिक दिसणार, त्यावरची छापील अक्षरं जाणार, आणि पुन्हा लेप लावता येणार नाही. न काढला तर प्रत्येक मुलाचे हात काळे. बाईंनी गणवेशाच्या पांढऱ्या शर्टांचा विचार केला आणि म्हणाल्या, काढ. प्रत्येकाला पाऊण तास लागला. लेप बोटांखाली मळासारखा वळत होता, कापडं मोजून एकवीस गेली. हातमोजे नायट्राइलचे होते म्हणून बरं.

काय हाती आलं

१४ तारखेच्या संध्याकाळी २३ लॅपटॉप साफ झाले. सहाही स्क्रीन वाचल्या. मामांनी घासलेला चोविसावा शिक्षकांच्या टेबलावर ठेवला.

नुकसान आणखी एक झालं आणि तेही माझ्या हातून. साफसफाईच्या ओघात तिघांच्या तळाचं अनुक्रमांकाचं लेबलही आयपीएच्या बोळ्याखाली आलं. ते थर्मल कागदाचं होतं, बसच्या तिकिटासारखं. अशा कागदात रंग आधीच असतो, फक्त उष्णतेने जागा व्हायचा असतो. अल्कोहोल त्याला उष्णतेशिवायच जागं करतं. लेबल पूर्ण काळं पडलं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, अनुक्रमांक लागणारच होता. दोघांचा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या बोर्डावरच साठवलेल्या माहितीत, मिळाला. तिसऱ्याचा बोर्ड कधीतरी बदललेला, बायोसमध्ये क्रमांकाची जागा रिकामी. कंपनीच्या देणगीपत्रात २४ क्रमांकांची यादी होती. २३ जुळवले, उरला तो याचा.

वेगळं काय करता आलं असतं

लेबलांचे फोटो आधी काढायला हवे होते. मोबाइल खिशातच होता, दहा मिनिटांचं काम.

टेपा एप्रिलमध्येच, खोकी उघडली त्या दिवशी काढल्या असत्या तर बहुतेक हातानेच निघाल्या असत्या. गमचं वय वाढतं तसा तो काही जातींत घट्ट होतो, काहींत सुटतो, पण सोपा कधीच होत नाही. परीक्षांच्या दिवसांत कुणाला सवड नव्हती हे मला मान्य आहे, तरी कपाटात ठेवणाऱ्याने टेप तेवढी सोडवायला हरकत नव्हती.

मऊ लेप काढण्याबद्दल मी अजून द्विधा आहे. पाचांपैकी दोघांचा लेप नुसता सुरुवातीच्या चिकटपणावर होता, आणखी वर्षभर निघाला असता. पाचही एकसारखे दिसावेत म्हणून आम्ही तेही सोलले. त्यांच्यावर आता ओरखडे लवकर उठतात.

आणि तो फोन. हल्ली कुणी गम कशानं निघतो असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, कशावरचा? बरेच जण वैतागतात. एक जण म्हणाला, सांगायचं नसेल तर तसं सांगा.

उद्घाटनाच्या सकाळी कंपनीचे प्रतिनिधी आले. त्यांच्या पिशवीत 'यांच्या सौजन्याने' असं छापलेली तळहाताएवढी चकचकीत स्टिकरं होती, बरोबर चोवीस. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. बाईंनी अतिशय गोड बोलून सगळी स्टिकरं लोखंडी कपाटाच्या दारावर सहा-सहाच्या चार ओळींत लावून घेतली. फोटोही तिथेच काढला.

तेवढ्यात मामा पांढरा ऑइलपेंट आणि बारका ब्रश घेऊन आले. शाळेच्या खुर्च्या-बाकांवर डेडस्टॉकचा नंबर तेच घालतात, आता लॅपटॉपवर घालायचा होता. मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि मार्कर दिला. नंबर तळाशी, लेबलापासून लांब लिहून घेतले. मामांनी विचारलं, "हा पुसला नाही ना जायचा?" म्हटलं, पाण्याने नाही जायचा, आयपीएने दोन सेकंदांत जाईल. म्हणूनच तो दिलाय.